कोव्हला उतरशील तेव्हा

प्रिय बाळा,

परवा तुझी आई बाजारात भेटली. म्हणाली, पोराची क्रूझ बोट आता आयर्लंडला लागणार, कोव्हला. नावाच्या शेवटी बी-एच दिसलं तरी उच्चार ‘कोव्ह’च. हाउसकीपिंगला असताना मी तिथे चार-पाचदा उतरलोय, म्हणून लिहितोय.

आधी तुझी आयपीएम ड्यूटी, म्हणजे बंदरात असताना बोटीवरच थांबायची पाळी, नाही ना, ते बघ; असेल तर दिवस बोटीवरच गेला म्हणून समज. सुटी मिळाली की गँगवेवर, म्हणजे उतरायच्या दाराशी, क्रूची परतायची वेळ वाच, पॅसेंजरची नव्हे. मोबाइलवर विसंबू नकोस, बोटीचं घड्याळ धर. आणि वायफाय शोधत पहिल्याच बाकावर बसू नकोस. पहिल्या काँट्रॅक्टला मी अशी सात बंदरं घालवली, आज त्यांतल्या एकाचाही रस्ता आठवत नाही.

स्टेशन धक्क्याला लागूनच आहे, पंचवीसेक मिनिटांत कॉर्क शहर. पोरं तिकडे पळतात. तुझ्या हातात चार तास असतील तर जाऊ नकोस, गावातच फिर.

स्टेशनाजवळ धक्क्यावर एका मुलीचा पुतळा आहे, सोबत दोन धाकटे भाऊ. ॲनी मूर, वय 17. 1891च्या डिसेंबरात इथून बोटीत बसली आणि 1 जानेवारी 1892ला न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवर नव्याने उघडलेल्या स्थलांतर केंद्रातून अमेरिकेत शिरलेली पहिली माणूस ठरली. शंभर वर्षांत सुमारे 25 लाख लोक याच बंदरातून देश सोडून गेले. आपण नऊ महिन्यांनी काँट्रॅक्ट संपवून, साइन ऑफ करून घरी येतो. त्यांतले बहुतेक परत आलेच नाहीत. मी तिथे नेहमी जरा जास्तच वेळ थांबायचो.

तेव्हा गावाचं नाव क्वीन्सटाउन होतं. 1849ला व्हिक्टोरिया राणी आली म्हणून ठेवलेलं, 1920 साली लोकांनी पुसून टाकलं. टायटॅनिकचं शेवटचं बंदर हेच. 11 एप्रिल 1912ला ती बाहेर खाडीच्या तोंडाशी नांगरून राहिली आणि 123 प्रवासी दोन टेंडरांनी, म्हणजे ने-आण करणाऱ्या छोट्या बोटींनी, तिच्यावर गेले. टायटॅनिकच्या कंपनीच्या जुन्या ऑफिसात आता म्युझियम आहे; तिकीट परवडलं नाही तरी मागच्या बाजूला जा. ज्या जेटीवरून ती माणसं टेंडरमध्ये चढली, तिचे कुजके लाकडी खांब अजून पाण्यात उभे आहेत. म्युझियमपेक्षा मला तेच जास्त बोलले.

एक गंमत. टायटॅनिकवर जॉन कॉफी नावाचा भट्टीवाला होता, याच गावचा. टपालाच्या पोत्यांत लपून तो टेंडरमधून गुपचूप उतरला आणि वाचला. काँट्रॅक्ट तोडून पळायचं मनात आलं तर त्याचा दाखला देऊ नकोस, तुझं सीडीसी, म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, जाईल!

चौकात दोन कोळ्यांचे पुतळे आहेत, वर देवदूत. मे 1915मध्ये लुसिटानिया ही प्रवासी बोट पाणतीराने (टॉर्पेडोने) बुडवली, तेव्हा वाचलेले आणि मेलेले इथेच आणले. गावाबाहेरच्या दफनभूमीत मेलेल्यांच्या सामायिक कबरी आहेत. 23 जून 1985ला एअर इंडियाचं ‘कनिष्क’ विमान याच दक्षिण-पश्चिम किनाऱ्यापलीकडे बॉम्बने कोसळलं, 329 माणसं गेली. हाती लागलेले मृतदेह कॉर्कलाच आणले होते. त्याचं स्मारक अहाकिस्ताला, पार पश्चिमेला. चार तासांत होणार नाही. पण त्या समुद्रावरून बोट जाईल तेव्हा तुला माहीत असलेलं बरं.

मग चढ चढ. वर सेंट कोलमनचं कॅथेड्रल आहे, त्याच्या मनोऱ्यात 49 घंटा. खालच्या उतारावर रंगीत घरांची ओळ पायऱ्यांसारखी उतरत जाते. ‘डेक ऑफ कार्ड्स’, म्हणजे पत्त्यांचा कॅट, म्हणतात तिला. पोटऱ्या दुखतील, दिवसभर केबिनी आवरणाऱ्याला त्याचं काय? छत्री नेऊ नकोस, वारा ती उलटी करतो. टोपीचं जॅकेट घाल.

आणि युरो घेऊन उतर. मी पहिल्या खेपेला साउदॅम्प्टनहून आलो होतो, खिशात नुसते पौंड. गरम चहाचा कप समोर आला आणि बाईंनी नोट बघून मान हलवली. मी उठायला लागलो तर म्हणाल्या, पी आधी. तिथला चहा आपल्यासारखा कडक असतो, दूध घालूनच पितात. सोबत सोडा ब्रेड माग, लोणी भरपूर लाव.

तुझा,
काका