नवा वॉटर स्मोकर: पहिला जाळ स्वयंपाकासाठी नाही

तळाला कोळसा, मधे पाण्याची परात, वर जाळ्या आणि घट्ट झाकण, असा हा मंद आचेवर धुरात मांस-मासे शिजवायचा उभा स्मोकर. आता आपल्याकडच्या शेतघरांवरही दिसू लागलाय. त्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी हे काही.

मुलानं पुण्याहून नवा स्मोकर आणलाय. रविवारी पाहुणे येणार आहेत. थेट कोंबडी लावली तर चालेल का? (अचलपूर)

नका लावू. आतल्या पत्र्यावर कारखान्यातलं तेल आणि धूळ असते, ती आधी जळून जाऊ द्या. जाळ्या साबणानं धुवा, वाळवा आणि तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. आतला पत्रा उघडा लोखंडी असेल तर त्यालाही तेल लावा. इनॅमलचा असेल तर गरज नाही. मग कोळसा पेटवून खालची-वरची सगळी हवेची भोकं उघडी ठेवा आणि तासभर चांगला तापू द्या. त्यानंतर खालची भोकं आवळून १२० अंशांवर आणा, आंब्याच्या लाकडाचे दोन तुकडे टाका आणि दोन-तीन तास धुरू द्या.

आत तपकिरी थर बसेल. बिडाच्या तव्यासारखाच तो दर वापरानं पक्का होतो, म्हणून घासून काढू नका. झाकणाच्या आणि दाराच्या फटीही त्यानं हळूहळू बुजतात. तोवर नवा स्मोकर थोडा तापटच चालतो, कारण चकचकीत पत्रा उष्णता परत फेकतो आणि फटींतून जास्तीची हवा आत जाते. पहिल्या वेळी कातडीसकट तंगड्या लावा. थोडी आच वाढली तरी त्या सुकत नाहीत. तंगडीत हाडाजवळ ७४ अंश भरले की ती शिजली.

आमच्याकडे दगडी कोळसा सहज मिळतो. आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, तर घरच्याच आहेत. (वणी)

दगडी कोळसा अजिबात नको. त्याच्या धुरात गंधक आणि डांबरी अंश असतात, ते सरळ अन्नावर बसतात. लाकडाचा, म्हणजे लोणारी कोळसाच घ्या. बाभळीचा मिळाला तर उत्तम, तो बराच वेळ निखारा धरतो. पऱ्हाटी चुलीत भुरकन जळते, मागं निखारा राहत नाही. शिवाय कपाशीवर किती फवारण्या होतात हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या काडीचा धूर खाण्याला लागू देऊ नका.

धुरासाठी संत्रा, आंबा, पेरू किंवा बोरीचं सुकलेलं लाकूड घ्या. मोर्शी-वरुडकडे जुनी संत्र्याची झाडं तोडली जातात, त्यांचं जाड खोड साल काढून वापरा. मुठीएवढे दोन-तीन तुकडे पुरतात. ते भिजवू नका, भिजलेलं लाकूड आधी नुसती वाफच सोडतं. कडुनिंब, निलगिरी, प्लायवूड आणि रंग दिलेली लाकडं दूर ठेवा.

उन्हाळ्यात आच १५० च्या वर जाते, खाली येतच नाही. पाणीही लवकर आटतं. (तुमसर)

चूक बहुधा सुरुवातीलाच होते. सगळा कोळसा पेटवून ओतला की तो आवरत नाही. टोपली न पेटलेल्या कोळशानं भरा आणि वर मधोमध दहा-बारा पेटते निखारे ठेवा. आग वरून खाली सावकाश सरकते. ९५ अंश दिसू लागताच खालची भोकं आवळायला घ्या, १२० होईपर्यंत थांबू नका. वरचं भोक मात्र कायम उघडं ठेवा. ते बंद केलं की धूर आत कोंडतो आणि मांस कडू होतं. दाट पांढरा धूर ओसरून पातळ, निळसर झाल्यावरच मांस ठेवा.

पाणी १०० अंशांना उकळतं आणि वाफ होताना भरपूर उष्णता घेतं, म्हणूनच आच ताब्यात राहते. परात कोरडी पडली की पारा एकदम चढतो आणि तळाशी गळलेली चरबी करपते. दर दीड-दोन तासांनी दारातून नळीच्या भांड्यानं हळूच पाणी घाला, निखाऱ्यावर सांडलं तर राख उडून मांसावर बसते. मे महिन्याच्या उन्हात स्मोकर सावलीत ठेवा, तापलेला पत्रा आत आणखी भर घालतो. आणि झाकण सारखं उघडू नका. हवा आत शिरते, कोळसा भडकतो.

मामा (माजी मालगुजारी) तलावातला रोहू यात होईल का? (साकोली)

छान होतो. लिटरभर पाण्यात ६० ग्रॅम मीठ घालून तुकडे तासभर ठेवा. मग पुसून, जाळीखाली वाऱ्यावर वरचा भाग चिकटसर होईपर्यंत सुकवा. धूर त्या चिकटपणावर नीट बसतो. ८० ते ९० अंशांवर लावा, आतून ६३ झाले की काढा. हा सुक्या माशासारखा टिकत नाही. फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा.

पावसात गोठ्यात पेटवला तर? (आरमोरी)

कृपा करून असं करू नका. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही आणि बंद जागेत तो माणूस-जनावर दोघांचाही जीव घेतो. कडबा पेट घेईल ते वेगळंच. चारी बाजूंनी मोकळ्या टिनाखाली, गंजीपासून लांब पेटवा.

काम झाल्यावर सगळी भोकं बंद करा, उरलेला कोळसा विझून पुढच्या वेळी कामी येतो. थंड झाल्यावर परात रिकामी करा, राख काढा. पावसाळी हवेत राख ओल धरते आणि पत्रा खाते. आत बुरशी दिसलीच तर पूर्ण भोकं उघडून अर्धा तास कडक जाळ द्या, जाळ्या खरवडून धुवा आणि पुन्हा तेलाचा पातळ हात फिरवा.