जेवणासोबत पत्रक द्यायचं का?

प्रश्न: आमच्या चर्चच्या मंडळीचा तरुण संघ रविवारी उपासना झाली की खारघरच्या टाटा कॅन्सर सेंटरला आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना जेवण नेऊन देतो. आता काही वडीलधारे म्हणतायत, नुसतं जेवण कोणीही देतं, सोबत येशूच्या सुवार्तेचं पत्रक गेलंच पाहिजे. आम्हाला पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. काय करावं? – एक वाचक, खारघर

उत्तर: जेवणासोबत पत्रक नका देऊ, अगदी स्पष्ट सांगतो. ज्याचं पोरगं किमोवर आहे आणि जो गावाहून येऊन इथे कुणालाच ओळखत नाही तो माणूस तुमच्या हातचं काहीही घेईल, नाही म्हणायची त्याची परिस्थितीच नाहीये, आणि अशा माणसाच्या हातात कागद कोंबला तर त्याला वाटणार की जेवणाची किंमत वसूल चाललीय. बायबलमध्ये लूकच्या १७व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला परत आला एकच. बाकीचे नऊ कुठेत असं येशूने विचारलं जरूर, पण त्यांचं बरं होणं काढून नाही घेतलं.

पण वडीलधाऱ्यांचं सगळंच चूक आहे असंही नाही हं. बायबलमधलंच प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, ६वा अध्याय काढा. रोजच्या अन्नवाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होत होतं म्हणून त्या कामाला सात जण नेमले आणि प्रेषित, म्हणजे येशूचे मुख्य शिष्य, वचन सांगण्याच्या सेवेत राहिले. लोक इथेच थांबतात आणि म्हणतात बघा, जेवण आणि वचन, दोन खाती वेगळी. अहो पण त्या सातातलाच स्तेफन पुढच्या अध्यायात येशूबद्दल केवढं बोलला, जीव गेला त्याचा त्यापायी! आणि दुसरा फिलिप्प, त्याने रथातल्या कूशी, म्हणजे आफ्रिकेतल्या, अधिकाऱ्याला आधी विचारलं, वाचताय ते समजतंय का, आणि त्याने वर बोलावल्यावर मग शेजारी बसून येशूबद्दल सांगितलं. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून केडगावला सांभाळल्या, शिकवल्या आणि बायबलचं मराठी भाषांतरही केलं, यातलं खरं काम कुठलं हे कोण ठरवणार?

तेव्हा जात राहा, आणि जमलं तर तीच तीच माणसं तिथे दिसू देत, दर वेळी नवे चेहरे नकोत. एखादी आजी विचारेलच, पोरांनो तुम्ही का करता हे सगळं, तेव्हा मात्र लाजू नका, येशूचं नाव घेऊन सरळ सांगा. प्रार्थना करू का असं विचारायलाही हरकत नाही, नको म्हणाली तर विषय संपला, पुढच्या रविवारी तिला जेवण तेवढ्याच प्रेमाने.

आणि एक, जेवण पेशंटपर्यंतही जात असेल तर तिखट टाळा. तोंडाला रेडिएशन घेतलेल्यांना फोडांमुळे गिळवत नाही, मऊ खिचडी, दहीभात बरा, पण पेशंटला काय चालतं ते आधी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारून घ्या. रक्तदाते लागतात का तेही तिथेच विचारा, तुमच्या वडीलधाऱ्यांनाही सोबत न्या.