ठरलेला निकाल आणि हरण्याची किंमत

गेल्या काही आठवड्यांत प्रोफेशनल रेसलिंगविषयी वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांपैकी ज्या प्रश्नांत इतरांच्याही शंका सामावलेल्या आहेत, त्यांना येथे उत्तरे देत आहे. या खेळाला सगळे ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ (आजची डब्ल्यूडब्ल्यूई ही अमेरिकी कंपनी) म्हणत आणि पहिलवानांची उंची, वजन, छाती व दंड छापलेले पत्ते वर्गात बाकाखाली खेळले जात, तेव्हापासून मी तो पाहत आलो आहे. माझ्या तक्रारी आहेत त्या त्याच जिव्हाळ्यातून आलेल्या आहेत.

प्रश्न : आमच्या घरातल्या तीन पिढ्या तालमीत घडल्या. निकाल आधीच ठरलेला असतो हे माहीत असूनही तुम्ही याला कुस्ती कसे म्हणता? आमच्याकडे याला नुरा कुस्ती म्हणतात. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नुरा कुस्तीबद्दलचा तुमचा राग रास्त आहे, पण तो येथे लागू पडत नाही. शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेल्या खासबाग मैदानात प्रेक्षक बसतो तो निकाली कुस्ती पाहण्यासाठी; तेथे दोन मल्लांनी आधीच संगनमत केले, तर ती त्याची फसवणूक ठरते. अमेरिकेतही एके काळी हीच फसवणूक सर्रास चालत असे. १९१० साली लंडनमध्ये गामा पहिलवानाशी बरोबरीत सुटलेला आणि १९२८ साली पतियाळात त्याच्याकडून काही क्षणांत चितपट झालेला पोलंडचा मल्ल झिबिस्को तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल. मधल्या काळात हाच झिबिस्को अमेरिकेत अशा ठरवलेल्या कुस्त्यांचा विश्वविजेता होता. १५ एप्रिल १९२५ रोजी फिलाडेल्फियात त्याने वेन मन या अमेरिकन फुटबॉलमधून आलेल्या चॅम्पियनपुढे हरायचे ठरले होते, परंतु रिंगमध्ये उतरल्यावर त्याने ठरलेले सारे बाजूला ठेवून मनला खरोखरच लोळवले. ठरलेला निकाल मोडला म्हणून झिबिस्को आजही या धंद्याच्या इतिहासात ओळखला जातो, यावरून ‘ठरलेले’ किती मुरलेले होते हे लक्षात येईल.

ती लपवाछपवी पुढे संपली. १९८९ साली डब्ल्यूडब्ल्यूएफने न्यू जर्सीच्या सिनेटपुढे स्वतःच कबूल केले की ही करमणूक आहे, स्पर्धा नव्हे. खेळांवरचे सरकारी नियंत्रण आणि कर टाळणे हा त्यामागचा हेतू होता. आता तिकीट काढणाऱ्याला सर्व ठाऊक असते, त्यामुळे फसवणुकीचा प्रश्न उरत नाही. पोवाड्यात अफझलखानाचे काय होणार हे माहीत नसलेला श्रोता नसतो, तरी शाहीर वाघनखांपर्यंत येतो तेव्हा अंगावर काटा येतोच. शिवाय निकाल ठरलेला असला तरी देह खरा असतो. रिंगच्या खाली लोखंडी तुळया असतात, त्यांवर लाकडी फळ्या, फळ्यांवर पातळ फोम आणि वर ताणलेले कॅनव्हास. पडणारा हनुवटी छातीला घट्ट लावतो, पाठ आणि दोन्ही तळहात एकाच क्षणी टेकवतो आणि माराचा जोर अंगभर वाटून घेतो. हा डाव तालमीतल्या कुठल्याही डावाइतकाच घोटून घ्यावा लागतो, आणि तो चुकला तर मान जाते.

प्रश्न : खरे रेसलिंग स्टोन कोल्ड आणि द रॉक या पहिलवानांच्या काळातच होते, आता नुसता दिखावा उरला आहे, हे आपल्याला मान्य आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : अर्धेच मान्य आहे. १९९५ च्या सप्टेंबरात डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीने ‘नायट्रो’ हा टीव्हीवरचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू केला आणि सोमवारच्या रात्री दोन कंपन्या एकमेकींच्या उरावर बसल्या. एका टप्प्यावर सलग ८३ आठवडे डब्ल्यूडब्ल्यूएफ प्रेक्षकसंख्येत मागे होती. त्या भीतीतून जी धडपड झाली तिचे फळ म्हणजे तुम्हाला आठवतो तो काळ. २००१ च्या मार्चमध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने प्रतिस्पर्धीच विकत घेतला आणि ती धार बोथट झाली. मात्र त्या काळातले टीव्हीवरचे सामने आज पुन्हा पाहावेत. त्यांतले अनेक चार-पाच मिनिटांत उरकलेले आहेत, आणि स्त्रियांना ज्या रीतीने वागवले गेले ते आता पाहवत नाही. २०१९ मध्ये बेकी लिंच, शार्लट फ्लेअर आणि राँडा राउझी यांनी रेसलमेनियाचा, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या सोहळ्याचा, अखेरचा, मानाचा सामना खेळला, हे १९९९ मध्ये कोणाच्या कल्पनेतही बसले नसते. कौशल्यात आजची पिढी पुढे आहे. तिला कमी पडते ते दुसरेच काही, आणि ते पुढच्या उत्तरात मांडतो.

प्रश्न : सामने उत्तम होतात, पण दुसऱ्या दिवशी काहीच आठवत नाही. दोष आमच्या वयाचा की त्यांचा? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दोष त्यांचा आहे, आणि माझ्या मते आजच्या रेसलिंगचे मुख्य दुखणे हेच आहे. हरणाऱ्याचे काहीच बिघडत नाही. आज पडलेला पुढच्या आठवड्यात त्याच प्रतिस्पर्ध्यासमोर पुन्हा उभा राहतो, आठ दिवसांनी तिसऱ्यांदा उभा राहतो, आणि विजेतेपदाचे बेल्ट इतके झाले आहेत की कोण कशाचा चॅम्पियन हे नियमित प्रेक्षकालाही आठवून सांगावे लागते. निकाल लेखकांच्या हाती असल्यामुळे उलट त्याला अधिक जपावे लागते, कारण त्याचे मोल कोणी पंच किंवा गुणफलक राखणार नसतो.

ते जपले की काय होते, याचे उदाहरण गुंथर आहे. या ऑस्ट्रियन पहिलवानाने जून २०२२ मध्ये इंटरकॉन्टिनेंटल बेल्ट जिंकला आणि ६६६ दिवस सोडला नाही. हाँकी टाँक मॅनचा ४५४ दिवसांचा विक्रम त्याने मोडला. त्याचे मुख्य हत्यार म्हणजे उघड्या छातीवर तळहाताचा फटका. तो बसला की आवाज वरच्या मजल्यापर्यंत जातो आणि दहा मिनिटांत समोरच्याची छाती जास्वंदीसारखी लाल होते. वर्षानुवर्षे दुय्यम झालेला तो बेल्ट केवळ कोणाला सहजी मिळत नसल्यामुळे पुन्हा हवाहवासा झाला, आणि एप्रिल २०२४ मध्ये सॅमी झेनने तो हिसकावला तेव्हा संपूर्ण स्टेडियम उभे राहिले.

याच सॅमी झेनचा आणखी एक प्रसंग सांगतो. २८ जानेवारी २०२३, सॅन अँटोनियो, ‘रॉयल रंबल’ हा कंपनीचा वार्षिक कार्यक्रम. कित्येक महिने तेव्हाचा मुख्य चॅम्पियन रोमन रेन्स याच्या घराण्यात मानलेला भाऊ म्हणून वावरलेल्या सॅमीच्या हाती रोमन खुर्ची देतो आणि दोराला हातकड्यांनी जखडलेल्या केविन ओवन्सला, म्हणजे सॅमीच्याच जुन्या मित्राला, मारायला सांगतो. सॅमी खुर्ची उचलतो, घुटमळतो, रोमन पाठ वळवतो आणि खुर्ची रोमनच्या पाठीवर बसते. त्यात एकही उडी नव्हती, एकही अवघड डाव नव्हता. नंतर रोमनच्याच घराण्यातला पहिलवान जे उसो काही न बोलता रिंगमधून निघून जातो, आणि त्याचे ते मुकाट जाणे हाच त्या रात्रीचा सर्वांत मोठा घाव होता. हे साधले कारण त्याआधी महिनोन्‌महिने वेळ दिला गेला होता. रोमनने स्वतः मुख्य विजेतेपदाचा बेल्ट १,३१६ दिवस राखला. त्यांतले शेवटचे वर्ष मला लांबलेले वाटले, तरी कोडी रोड्सने एप्रिल २०२४ मध्ये तो जिंकला तेव्हा त्या लांबणीचेही मोल चुकते झाले.

आता मात्र कंपनी यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्सच्या कंपनीसह टीकेओ या एकाच छत्राखाली आहे, कॅनव्हासवर जाहिराती छापल्या जातात, आणि नेटफ्लिक्सशी झालेला करार १० वर्षांचा व ५ अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा आहे. पैसा आधीच हाती आल्यावर प्रेक्षकाला पुढच्या आठवड्यासाठी तळमळत ठेवण्याची गरज उरत नाही, आणि ती सैलावलेली गाठ पडद्यावर दिसते.

प्रश्न : जॉन सीनाचा निरोपाचा प्रवास आपल्याला कसा वाटला? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : सुरुवात थरारक होती, मधला भाग वाया गेला आणि शेवट योग्य झाला. १ मार्च २०२५ रोजी टोरांटोत सीनाने कोडीला मिठी मारून मग दगा दिला, तेव्हा वीस वर्षांहून अधिक काळ मुलांचा लाडका असलेला माणूस खलनायक झाला. पण ज्या रॉकच्या इशाऱ्यावर हे घडले तो रेसलमेनियाला फिरकलाच नाही, १७ व्या विजेतेपदाचा ऐतिहासिक सामना विस्कळीत झाला, आणि ऑगस्टमध्ये कारणाचा फारसा उलगडा न करता सीनाला पुन्हा नायक करण्यात आले. एवढे मोठे वळण घेऊन त्याचा हिशेब न देणे, ही कथाकाराची हेळसांड आहे.

१३ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये तो गुंथरकडून हरला आणि तेही हात आपटून, शरण येऊन. ‘कधीही हार मानू नका’ हे ज्याच्या मनगटावर छापलेले असे, त्याने गळफासात अडकल्यावर किंचित हसून हार मानली. सभागृहातल्या अनेकांनी हुर्यो केली. मला तो निर्णय पटला, कारण जाणाऱ्याने आपले वजन राहणाऱ्याच्या पारड्यात टाकून जावे ही या धंद्याची जुनी रीत आहे. अंडरटेकरची रेसलमेनियातली २१ विजयांची मालिका २०१४ मध्ये अधूनमधूनच रिंगमध्ये उतरणाऱ्या ब्रॉक लेस्नरने संपवली तेव्हा मी चिडलो होतो. सीनाच्या वेळी चिडलो नाही, कारण गुंथर रोज रिंगमध्ये उतरणारा मल्ल आहे.

प्रश्न : डब्ल्यूडब्ल्यूईची प्रतिस्पर्धी कंपनी एईडब्ल्यू पाहावी का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : जरूर पाहावी. २०१९ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीमुळे पहिलवानांना नोकरीसाठी दुसरे दार मिळाले, हेच तिचे सर्वांत मोठे काम आहे. विल ऑस्प्रेचे सामने पाहताना माणसाचे शरीर हे करू शकते यावर विश्वास बसत नाही. मात्र प्रत्येक सामन्यात प्रत्येक मोठा डाव सोसून समोरचा उठून बसू लागला, की मोठा डाव मोठा राहत नाही; तेथे संयम हवा आहे.

प्रश्न : पहिलवान तरुण वयात जातात हे वाचून अपराधी वाटते. आपण पाहतो म्हणून हे घडते का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : काही अंशी होय, आणि ते मान्य करूनच पाहावे असे मला वाटते. जून १९९८ मध्ये मिक फोलीला अंडरटेकरने पिंजऱ्याच्या छतावरून, सुमारे १६ फुटांवरून, टेबलावर फेकले. जानेवारी १९९९ मध्ये त्याच फोलीचे हात पाठीमागे बांधलेले असताना रॉकने त्याच्या डोक्यावर खुर्चीचे फटक्यामागून फटके घातले आणि समोरच त्याची पत्नी व मुले रडत होती. तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. आज तो भाग मला बघवत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात कॅन्सस सिटीत पहिलवान ओवेन हार्ट उंचावरून उतरताना दोर निसटून कोसळला आणि गेला, आणि कार्यक्रम पुढे चालू ठेवला गेला.

सुधारणा झाल्या आहेत हे नाकारता येत नाही. २००५ मध्ये पहिलवान एडी गरेरो गेल्यानंतर औषध-तपासणीचे धोरण आले, २०१० पासून डोक्यावर खुर्ची मारणे बंद झाले, मेंदूला मार बसल्याची शंका आली तर सामना थांबवला जातो. पण मूळ प्रश्न तसाच आहे. कंपनीच्या वेळापत्रकावर जगणारा पहिलवान कागदोपत्री स्वतंत्र कंत्राटदार मानला जातो आणि त्याची कामगार संघटना नाही. १९८६ च्या सुमारास जेसी व्हेंचुरा या पहिलवानाने संघटना बांधण्याचा प्रयत्न केला होता. तोच पुढे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचा गव्हर्नर झाला, पण संघटना आजतागायत झाली नाही. ५ अब्ज डॉलरचे करार होणाऱ्या धंद्यात हे लाजिरवाणे आहे, आणि चाहत्यांनी बेल्टच्या चर्चेइतक्याच आवेशाने ते बोलून दाखवले पाहिजे.

प्रश्न : भारतीय चॅम्पियन पुन्हा होईल का? (एक वाचक, दुबई)

उत्तर : आपल्याकडे या खेळाला प्रेक्षक नवा नाही. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारा सिंग आणि किंग काँग यांच्या ‘फ्री स्टाइल’ कुस्त्या पाहायला आमच्या आजोबांची पिढी जात असे. खली २००७ मध्ये आणि भारतीय वंशाचा जिंदर महल मे २०१७ मध्ये चॅम्पियन झाला. पण जिंदरचे काय केले ते आठवावे. डिसेंबरच्या दिल्ली दौऱ्याआधी महिनाभर त्याचा बेल्ट काढून घेतला गेला, आणि दिल्लीत आपल्याच लोकांसमोर त्याला ट्रिपल एच या अमेरिकी मल्लाकडून हरवून मग भांगडा करायला लावला. भारतीय प्रेक्षक संख्येसाठी मोजायचा आणि कथेत मात्र त्याला दुय्यम ठेवायचे, हे जोवर चालेल तोवर नुसता बेल्ट देऊन काही साधणार नाही. एखादा पोरगा विशीत घ्यावा, पाच-सहा वर्षे घडवावा आणि त्याला हरवताना हात थरथरावा इतका तो मोठा करावा.

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा मुलगा धाकट्या बहिणीवर डाव करून पाहतो. टीव्ही बंद करू का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : टीव्ही बंद करण्याआधी त्याच्याबरोबर बसून एक सामना पाहावा. उचलणाऱ्यापेक्षा उचलला जाणारा काय करतो तिकडे त्याचे लक्ष वेधावे : तो स्वतः उडी घेऊन मदत करतो, मान आत घेतो, आणि त्याला अलगद खाली आणण्याची जबाबदारी वरच्याची असते. पडायला शिकण्यातच पहिलवानांचे कित्येक महिने जातात, हे त्याला सांगावे. बहिणीवर डाव करणे मात्र आजपासून बंद, यात तडजोड नको. अंगात एवढी रग असेल तर साताऱ्यात तालमी आहेत. वस्तादांच्या हाती सोपवावा.