लॅपटॉपला एसएसडी टाकायचीय, पण कुठली?

प्रश्न : लॅपटॉप चालू करून हातात यायला चार-पाच मिनिटं जातात, नंतरही टास्क मॅनेजर उघडला की डिस्क १०० टक्के, प्रोसेसर आणि रॅम मात्र निवांत. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी टाकावी म्हणतोय. साटा घेऊ की एनव्हीएमई? आणि विंडोज परत टाकावी लागेल का?

उत्तर : प्रोसेसर निवांत आणि डिस्क १०० टक्के म्हणजे दुखणं हार्ड डिस्कचंच आहे, तुमचा विचार एकदम बरोबर. विंडोज चालू होताना हजारो छोट्या फायली इथून तिथून वाचायला लागतात आणि हार्ड डिस्कमध्ये दर वेळी हेड सरकून तबकडी फिरून समोर येईपर्यंत दहा-पंधरा मिलिसेकंद जातात, एसएसडीत हलणारं काही नाहीच त्यामुळे तेच काम ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास होतं. खरा फरक इथे पडतो. साटा आणि एनव्हीएमई म्हणजे एसएसडी लॅपटॉपला जोडायच्या दोन पद्धती. साटाचा स्पीड सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास, एनव्हीएमईचा ३५०० आणि त्याहून जास्त, पण नुसतं चालू व्हायला दोघांत फार फरक जाणवत नाही, म्हणून त्या आकड्यांपेक्षा तुमच्या लॅपटॉपमध्ये काय बसतं ते आधी बघा.

एम डॉट टू स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची खाच) असेल तरी गडबड होऊ शकते, कारण काही स्लॉट फक्त साटा घेतात, काही फक्त एनव्हीएमई, आणि पट्ट्या दिसायला जवळपास सारख्याच. खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर घेऊन कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल काढा, पट्टीची लांबीही तिथेच कळेल (२२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब). स्लॉटच नसेल तर हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची साटा, ७ मिमी जाडीची.

विंडोज क्लोन (जशीच्या तशी कॉपी) करता येते, नवी डिस्क लहान असली तरी चालतं, भरलेला डेटा तिच्यात मावला म्हणजे झालं. पण विंडोज बरीच जुनी असेल तर मी नवीनच टाका म्हणेन, नाहीतर सगळा कचरा पण सोबत येतो. नवीन टाकायला ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, आणि आधीची विंडोज ॲक्टिव्हेट असेल तर तीच एडिशन (होम किंवा प्रो) टाका, नेट जोडलं की बहुतेक वेळा आपोआप ॲक्टिव्हेट होते. काहीही करा, आधी बॅकअप घ्या आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा, ती नसेल तर डेटा कुलूपबंद.

खोलताना चार्जर काढा, झाकण निघालं की पहिल्यांदा बॅटरीची पिन काढा. एम डॉट टू पट्टी तिरकी घालायची, ती वर उचललेलीच राहते, घाबरू नका, खाली दाबून स्क्रू लावायचा. तो बारका स्क्रू एसएसडीच्या डब्यात बऱ्याचदा नसतो, लॅपटॉपच्या रिकाम्या स्लॉटजवळ लावलेला असतो, तिथे बघा.

पहिल्यांदा चालू करताना फक्त नवी डिस्कच जोडलेली ठेवा. जुनी लगेच फॉरमॅट करू नका, महिनाभर तशीच राहू द्या, कुठली तरी फाईल राहिलीय हे नंतरच आठवतं.