नववीत आहे, एनसीसीच्या लीडरशिप कॅम्पला नाव लागलंय, हिंदी धड येत नाही, जाऊ का?

जा की बाळ, अजिबात मागे हटू नकोस. मी खानापूर तालुक्यातला, मराठी मीडियमचा, शाळेत असताना असाच घाबरत गेलो होतो. ड्रिलचे कमांड सगळे हिंदीतच असतात पण सावधान, विश्राम, दाहिने मुड एवढे तुला परेडवर पाठ झालेलेच असतील. खरी गोष्ट आवाजाची. पहिल्या दिवशी स्क्वॉड, म्हणजे पोरांची तुकडी, कमांड द्यायला माझ्या हातात दिला तर आवाज घशातच अडकला, मग ड्रिल शिकवणाऱ्या उस्तादांनी शिकवलं की पोटातून ओरड, "दाहिने" लांब ओढायचं, जरा थांबायचं आणि "मुड" एकदम तोडून टाकायचं. आत्तापासून शेतात जाऊन रोज दहा मिनिटं कर, लोक बघतात तर बघू देत. माझ्या बाजूचा पोरगा कन्नड मीडियमचा, दोघांचंही हिंदी मोडकंच, पण बूट पॉलिश करता करता दोस्ती झाली ती आजपर्यंत आहे. नवीन बूट मात्र नेऊ नकोस, फोड येतात, घरी आठवडाभर घालून सैल कर. आणि एनसीसीच्या शाळेतल्या ए सर्टिफिकेटला निदान एक कॅम्प आणि 75 टक्के हजेरी लागतेच, हा कॅम्प त्यात धरतात का ते सरांना आधीच विचारून घे.