खिडकीला नाक लावणारे पाहुणे

(बेल्जियममधल्या ब्रुज गावात अकरा वर्षं राहणाऱ्या पैठणच्या एका लेकीचा लेख आम्ही मागच्या अंकात छापला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना त्यांनी माहेरच्या ओसरीवर बसून उत्तरं लिहून दिली आहेत.)

प्रश्न : ताई, तुमच्या लेखातले फोटो बघून हे गाव आहे की नाटकाचा सेट, हेच कळेना. तिथं खरंच माणसं राहतात का? (एक वाचक, माजलगाव)

उत्तर : राहतात की! मी राहते. पण तुमची शंका तिथं येणाऱ्या पाहुण्यांनाही येते. गेल्या उन्हाळ्यात वरणाला फोडणी देत होते. आमचं दार थेट रस्त्यावर, मधे ना अंगण ना कट्टा, आणि खिडकी माणसाच्या छातीला येईल एवढीच उंच. वर बघते तर दोघं जण काचेला नाक लावून उभे. एकानं दाराची मूठ फिरवली. त्याला वाटलं, संग्रहालय आहे. कडी नव्हती. आत आला, मिरचीचा ठसका लागला, खोकत खोकत 'सॉरी' म्हणाला आणि गेला. तेव्हापासून खालच्या अर्ध्या खिडकीला पडदा आहे. शेजारच्या आजींची युक्ती निराळी. त्यांनी खिडकीत चिनी मातीची दोन मांजरं ठेवलीत, तोंड रस्त्याकडं. आजींना रोज मांजरांची पाठ दिसते, पण लोक मांजरं बघतात आणि पुढं जातात.

कालव्यांनी वेढलेल्या जुन्या भागाला तिथं 'अंडं' म्हणतात, कारण नकाशावर तो तसाच दिसतो. त्या अंड्यात वीसेक हजार माणसं राहतात. सगळं ब्रुज धरलं तर एक लाख वीस हजारांच्या आसपास. 2000 साली हे जुनं गाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. घराचं दर्शनी रूप बदलायचं तर परवानगी काढावी लागते. आतल्या भागात नव्या हॉलिडे होमला परवानगी मिळत नाही, म्हणून तरी आम्ही भाडेकरू टिकून आहोत.

आणि एवढं जुनं शिल्लक कसं राहिलं, हेही सांगते. 1134 साली मोठं वादळ झालं, समुद्र आत घुसला आणि झ्विन नावाची खाडी तयार झाली. तिच्या जोरावर ब्रुज श्रीमंत झालं. व्हान डर बुर्झ नावाच्या घराण्याची तिथं खानावळ होती. तिच्यासमोर व्यापारी जमायचे, आणि युरोपात शेअर बाजाराला 'बोर्स' म्हणतात ते त्या नावावरून. पुढं खाडी गाळानं भरत गेली आणि व्यापारी अँटवर्पला निघून गेले. मागं राहिलेल्यांकडं जुनं पाडून नवं बांधायला पैसाच नव्हता. आज पाहुणे ज्याला सौंदर्य म्हणतात, ती बरीचशी गरिबी आहे. मी पैठणची असल्यानं मला हे लगेच पटलं. ग्रीक प्रवासवर्णनात आमच्या गावचं नाव आहे, इथून गाड्या भरून माल भडोचला जायचा. आता शाळेची सहल येते.

प्रश्न : आम्ही माळकरी. जावयानं युरोपचं तिकीट काढलंय. तिकडं आमच्या पोटाचं काय? (एक गृहिणी, गंगाखेड)

उत्तर : पावावर जगाल, काळजी नको. मी अर्धा दिवस बेकरीत काम करते, सकाळी सहाला शटर वर. पाव घेताना 'कापून देऊ का?' असं आम्ही विचारतो. 'हो' म्हणा. यंत्रात घातला की अख्ख्या पावाचे सारख्या जाडीचे काप पडतात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना लहान पाव लागतो, तोही कापलेला, कारण उरलेले काप फ्रीजरमध्ये ठेवून रोज दोन-दोन काढतात.

एक मात्र लक्षात ठेवा. फ्रिट, म्हणजे बटाट्याचे तळलेले लांब काप, दिसायला शाकाहारी असतात, पण जुन्या पद्धतीनं ते गाईबैलाच्या चरबीत दोनदा तळतात. बऱ्याच ठिकाणी आता तेल वापरतात, तरी विचारल्याशिवाय तोंडात घालू नका. मी पहिल्या वर्षी विचारलं नव्हतं. आईला हे आत्ता, हे लिहिताना कळतंय.

प्रश्न : माझी मुलगी शिकायला बेल्जियमला निघाली आहे. इंग्रजीवर भागेल का? पोलीस घरी येतात म्हणे, खरं का? (एक पालक, परभणी)

उत्तर : येतात, पण घाबरू नका. नगरपालिकेत पत्ता नोंदवला की त्या भागाचा पोलीस एकदा येऊन माणूस खरंच तिथं राहतो का ते बघून जातो. घंटीवर नाव लावायला सांगा. आमच्याकडं आला तेव्हा मी चहा पुढं केला. तो 'नको नको' म्हणत दाराजवळच उभा राहिला, मग घेतला.

इंग्रजीवर कॉलेज भागेल, शेजार भागणार नाही. मी तिथली डच भाषा शिकले, परीक्षा पास झाले, आणि बेकरीत पहिल्याच दिवशी एक शब्द कळला नाही. ब्रुजची बोली वेगळी. 'ग' चा 'ह' करतात. साध्या 'होय' ला सुद्धा माणूस बदलला की रूप बदलतं, 'होय, मी' चं 'योक' आणि 'होय, ती' चं वेगळं. पुण्याचा पाहुणा आमच्या बोलण्याला हसतो ना, तसे ब्रसेल्सचे लोक यांच्या बोलण्याला हसतात. म्हणून मला ही माणसं लवकर आपली वाटली. बोलीवरून तिथं एक रक्तरंजित गोष्टही सांगतात. 1302 च्या मे महिन्यात ब्रुजकरांनी रात्री फ्रेंच सैनिकांना गाठलं. 'स्खिल्ड एन व्रिएंड' (ढाल आणि मित्र) म्हणायला लावायचे, 'स्ख' जमला नाही की संपला. आपल्याकडं कुणाला 'ळ' म्हणायला लावावं तसं.

प्रश्न : मी पैठणी विणते. तिकडच्या लेसबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्या. ती कशी करतात? विकली जाते का? (एक विणकर भगिनी, पैठण)

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मी दोन गल्ल्या ओलांडून तुमच्याकडं येणारच होते. आधी लिहून देते.

मांडीवर किंवा स्टँडवर घट्ट उशी असते. तिच्यावर नक्षीची भोकं पाडलेला जाड कागद. दोरा गुंडाळलेल्या लाकडी कांड्या जोडीजोडीनं उशीवर लोंबत असतात, साध्या नक्षीला थोड्या, बारीक कामाला शेकड्यांनी. हालचाली दोनच, एक दोरा दुसऱ्यावरून ओलांडायचा आणि पिळायचा. मग भोकात टाचणी, की पुढची जोडी. माग नाही, ताणा नाही, बाणा नाही. कांड्या एकमेकींवर आपटून टकटक आवाज येतो. आपल्या मागासारखा ठेका नाही त्याला, पत्र्यावर पावसाची सर सुरू होताना येतो तसा आवाज.

मागच्या खेपेला मी मावशीसाठी हातरुमालाएवढी लेस आणली. मावशीनं चाळीस वर्षं माग चालवला. तिनं लेस हातात घेतली आणि नक्षी न बघता आधी उलटी केली. पैठणीच्या पदराचा मोर मागूनही तसाच दिसला पाहिजे ना! मग म्हणाली, "हिला पाठच नाही. नुसती भोकं विकतेत की गं."

विक्रीचं खरं सांगते. दुकानांत टांगलेली बहुतेक लेस यंत्रावरची. हातानं केलेली मिळते, पण एवढ्याशा तुकड्याला लागणारे तास मोजले तर ती किंमत कुणी देत नाही. एकोणिसाव्या शतकात गावातल्या हजारो गरीब बायका आणि मुली यावर पोट भरायच्या, भरायचं तेही अर्धंच. आज गल्लीत लेस करणाऱ्या बायका मी बघते. सगळ्या पेन्शनवाल्या, हौसेनं करतात, नातीच्या बारशाला देतात. लेस विकून घर चालवणारी एकही माझ्या ओळखीत नाही. तुमच्या मागावर अजून घर चालतं. त्या बायकांना हे सांगितलं तर त्या आधी दर विचारतात, मग किती दिवस लागतात ते विचारतात, आणि मग गप्प बसतात.

प्रश्न : तिथल्या मिरवणुकीला बेल्जियमची नाथषष्ठी असं तुम्ही कशाला म्हणालात? (एक वारकरी, गेवराई)

उत्तर : माफी असावी माउली. ईस्टर धरून चाळिसाव्या दिवशी, गुरुवारी, ब्रुजला येशूच्या पवित्र रक्ताची मिरवणूक निघते. हजाराहून जास्त गावकरी बायबलमधली सोंगं घेऊन चालतात. आमच्या बेकरीचा मालक तीच दाढी लावून दरवर्षी त्याच जागी असतो. गर्दी तशीच, लेकरं खांद्यावर तशीच, म्हणून लिहून गेले. पण बसायच्या खुर्चीला तिकीट आहे, आणि पंगत नाही. तेवढा फरक मोठाच आहे.

प्रश्न : तिथं हंस आहेत ना? ते दूध आणि पाणी वेगळं करतात का? (इयत्ता चौथी, जिंतूर)

उत्तर : आहेत बाळा, कालव्यात खूप आहेत. तिथली दंतकथा अशी की पाचशे वर्षांपूर्वी गावानं एका अधिकाऱ्याचं मुंडकं उडवलं. त्याच्या आडनावाचा अर्थ 'लांब मान'. म्हणून राजानं शिक्षा दिली, लांब मानेचे पक्षी कायम सांभाळा. दुधाचं मी कधी करून बघितलं नाही. पण एकदा बाजारातून येताना कालव्याकाठच्या गवतावर टेकले, तर एक हंस फुसफुसत आला आणि माझ्या पिशवीतला पालक ओढू लागला. पालक कुठला आणि पिशवी कुठली, हे काही त्याला वेगळं करता आलं नाही. दोन्ही घेऊन पाण्यात गेला.