पोर्टफोलिओचे पैसे राहू दे, आधी 'एक्सक्लुझिव्ह' वाच

अभिनयाची कामं मिळवून देणाऱ्या एजन्सीशी करार करू का, असं विचारलंयस. पैसे भरून रजिस्ट्रेशन, त्यांच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ (फोटोंचा संच), वर ३ वर्षांचा करार आणि "उद्यापर्यंत कळवा, जागा भरत आल्यात". तुझी पोस्ट वाचून अंगावर काटाच आला. मला ऐकवलेलं वाक्यसुद्धा हेच होतं! (वयाने बरीच मोठी आहे, म्हणून अरे-तुरे करतेय, चालवून घे.)



पैशांचा हिशोब सोपा आहे. एजंट कमावतो तो तुझ्या मानधनातून. काम झालं, पैसे आले, की ठरलेले टक्के त्याचे. अमेरिकेत सॅग-आफ्ट्रा या कलाकार संघटनेची मान्यता असलेल्या एजंटाला १० टक्क्यांच्या वर जाता येत नाही. कलाकाराचं करिअर सांभाळणारे मॅनेजर १५ च्या आसपास घेतात. कॅलिफोर्नियात तर काम मिळवून देतो म्हणून आगाऊ पैसे घेणं २०१० पासून गुन्हाच आहे. तुझ्याकडे असा कायदा असो-नसो, कामाआधी पैसे मागणाऱ्याचं पोट रजिस्ट्रेशनवरच भरतं. तुला काम मिळालं काय नि नाही काय, त्याला फरक पडत नाही. आणि कास्टिंग डायरेक्टरला (भूमिकांसाठी कलाकार निवडणाऱ्याला) तर कलाकाराने दमडीही द्यायची नसते, त्याचे पैसे निर्माता देतो.

पण खरं सांगू? रजिस्ट्रेशनचे पैसे बुडले तर माणूस चार दिवस हळहळतो आणि पुढे जातो. मला महाग पडलं ते करारातलं 'एक्सक्लुझिव्ह' कलम, म्हणजे सगळी कामं त्यांच्यामार्फतच: 'कलाकारास कोणत्याही मार्गाने मिळालेल्या कामावर एजन्सीचा हक्क राहील.' त्या ऑफिसने मला एकाही ऑडिशनला पाठवलं नाही. नाटकातल्या ओळखीने एका जाहिरातीत छोटं काम मिळालं, तेव्हा मात्र त्यांचा फोन थेट निर्मात्याच्या माणसाला गेला: मुलगी आमची आहे, व्यवहार आमच्याशी करा. त्या छोट्या भूमिकेसाठी एवढी डोकेदुखी कोण घेणार? दुसऱ्या मुलीला घेऊन ते मोकळे झाले.

मग रिलीज लेटरसाठी, म्हणजे करारातून मोकळं केल्याच्या पत्रासाठी, खेटे सुरू झाले. सर शूटवर आहेत. मेल टाका. मेल मिळाला नाही, परत टाका. शेवटी उत्तर आलं ते 'मुक्तता शुल्क' किती भरायचं याचं! ते ऑफिस आठवलं की अजून डोकं फिरतं. भिंतभर मोठमोठ्या नटनट्यांचे फोटो होते. नीट पाहिलं तर प्रत्येक फोटोत मालक कुठल्यातरी समारंभात शेजारी उभा. त्यातलं एकही नाव एजन्सीच्या कलाकारांच्या यादीत नव्हतं.

म्हणून माझ्या मते (मी वकील नाही, सही करण्याआधी एखाद्या वकिलाला दाखवच) पहिल्या कराराची मुदत वर्षाच्या वर नसावी. एजन्सीने ठरावीक महिन्यांत काही काम आणलं नाही, तर लेखी नोटीस देऊन बाहेर पडता यायला हवं. कमिशन त्यांनी आणलेल्या कामावरच, आणि तेही मानधनावर, प्रवासखर्च-भत्त्यावर नाही. चेक आधी त्यांच्या खात्यात जाणार असेल तर तुला किती दिवसांत देणार, तेही लिहून घे. यावर कुणी "आमचा फॉरमॅट बदलत नाही" म्हणालं तर मी तरी उठून येईन. काहींना हे टोकाचं वाटेल, वाटू दे. चांगले एजंट असतात, माझी आत्ताची एजंट त्यातलीच. तिने पहिल्या भेटीत पैशांचा विषयच काढला नाही, आधी माझं नाटक बघायला आली.

एक सोपी चाचणी: त्यांच्या यादीतल्या, फारशा प्रसिद्ध नसलेल्या दोघा-तिघांना गाठ आणि विचार, गेल्या वर्षभरात यांच्याकडून किती ऑडिशन आल्या? प्रसिद्ध चेहऱ्यांना विचारून उपयोग नाही, त्यांना कामं तशीही येतात.

जाता जाता, धाकटी बहीणही काम करते असं लिहिलंयस, तर तिचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवायला घरी सांग. जॅकी कूगन या बालनटाची कमाई घरच्यांनीच उडवली, त्यावरून कॅलिफोर्नियात १९३९ मध्ये कायदा आला. आज तिथे मुलांच्या कमाईतले १५ टक्के बाजूला ठेवावेच लागतात.

उद्याची मुदत वगैरे विसर. एजन्सीचं नाव न देता 'एक्सक्लुझिव्ह' आणि करार संपवण्याचं, ही दोन कलमं जशीच्या तशी इथे टाक, रात्री बघून सांगते.